थ्री-नॉट-थ्रीचा हरवलेला बोल्ट

दोन रायफली आहेत. नमुना एक, कारखाना एक, कदाचित वर्षही एकच. एकीचा बोल्ट हरवला आहे. मग दुसरीचा काढून हिच्यात घातला, किंवा त्याच नमुन्याचा एखादा सुटा बोल्ट विकत आणला, तर बिघडलं कुठे? सैन्यासाठी लाखांनी बनवलेल्या वस्तूचे भाग एकमेकांना चालणार नसतील तर कशाचे चालणार?

जुन्या लष्करी रायफलींशी ज्याचा संबंध येतो, तो हा प्रश्न विचारतोच. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की असा आणलेला बोल्ट बहुतेक वेळा आत जातो, बंदही होतो, आणि सगळं ठीक आहे असं वाटायला लावतो. धोका नेमका त्या वाटण्यात आहे.

हे समजून घ्यायला आपण एकच रायफल घेऊ: ली-एन्फिल्ड. आपल्याकडे तिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात. पोलीस चौकीच्या दारात, बँकेच्या रोख रकमेच्या गाडीपाशी, एनसीसीच्या मैदानावर ती मराठी माणसाने पाहिलेली असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात तीच होती, आणि त्यावरून पुढे बरीच टीका झाली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० मध्ये. दीड कोटीहून जास्त संख्येने बनलेली ही रायफल जगभर विखुरलेली आहे. म्हणूनच तिचा बोल्ट शोधणारेही जगभर आहेत.

बोल्ट नेमकं काय करतो

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी. तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि तळाला ठिणगी देणारी टोपी. रायफलीच्या नळीचा मागचा भाग, जिथे हे काडतूस बसतं, त्याला चेंबर म्हणतात. चेंबर मागून उघडं असतं, कारण काडतूस तिथूनच आत जायचं. गोळी सुटताना मात्र ते पक्कं बंद हवं. बंद करणारा, सरकणारा पोलादी दंडगोल म्हणजे बोल्ट.

तो चार कामं करतो. मॅगझिनमधलं काडतूस पुढे ढकलतो. ते चेंबरमध्ये बसलं की पाठीमागून रोखून धरतो. त्याच्या पोटात स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर असतो, तो टोपीवर आपटतो. आणि गोळी गेल्यावर, एक्स्ट्रॅक्टर नावाच्या छोट्या आकड्याने रिकामी पुंगळी ओढून बाहेर काढतो.

यातलं दुसरं काम सगळ्यात जोखमीचं. ब्रिटिश सैन्यातून बाहेर पडून नागरी बाजारात आलेल्या कित्येक ली-एन्फिल्डच्या नळीवर तिथल्या चाचणीगृहाचा शिक्का असतो: दर चौरस इंचाला १८.५ टन. दारू पेटल्यावर चेंबरमध्ये इतक्या पातळीचा दाब निर्माण होतो आणि क्षणभर तो बोल्टला मागे रेटतो. बोल्टच्या मागे, काही इंचांवर, नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

मग बोल्ट मागे का येत नाही? त्याच्या अंगावर उंचवटे असतात, त्यांना लग म्हणतात. दांडा खाली वळवला की हे लग रायफलीच्या बॉडीतल्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यातल्या, खाचांत अडकतात. जर्मन माउझरमध्ये मुख्य लग बोल्टच्या पुढच्या टोकाला असतात. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या संशोधकाने आपल्या रचनेत ते मागे ठेवले. त्यामुळे बोल्ट कमी अंतर सरकतो, दांडा साधारण साठ अंशच वळवावा लागतो, आणि सराव झालेला शिपाई कमालीच्या वेगाने गोळ्या झाडतो. याची किंमत अशी, की काडतुसाचा तळ आणि अडकलेले लग यांच्यामध्ये बोल्टची बरीच लांबी येते आणि दाबाखाली ती किंचित दबते. पोलाद दबतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दबतं.

लीच्या बोल्टची आणखी एक खासियत पुढे फार उपयोगी पडणार आहे. त्याचं तोंड वेगळं असतं. बोल्ट-हेड नावाचा हा छोटा तुकडा आट्यांनी मुख्य दंडगोलात बसतो आणि काढता येतो. काडतुसाच्या तळाला टेकतं ते हे हेड.

कागदाच्या अडीच पानांइतकी जागा

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना: हेडस्पेस.

.३०३ च्या काडतुसाला तळाशी बाहेर आलेला काठ असतो. काडतूस आत गेलं की हा काठ चेंबरच्या मागच्या कडेला अडतो, म्हणून ते आणखी पुढे जात नाही. मागून बोल्ट-हेड येऊन उभं राहतं. काठ अडतो ती कड आणि बोल्ट-हेडचा चेहरा यांच्यातलं अंतर म्हणजे या रायफलीची हेडस्पेस. काठाला मिळालेली जागा, एवढंच.

ही जागा किती असावी? ब्रिटिश लष्करी मोजमापात किमान .०६४ इंच आणि कमाल .०७४ इंच. म्हणजे साधारण १.६३ ते १.८८ मिलिमीटर. दोन्हींतला फरक पाव मिलिमीटर. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो, तेव्हा ही सगळी मुभा कागदाच्या अडीच पानांएवढी झाली.

जागा .०६४ पेक्षा कमी असेल तर जाड काठाचं काडतूस बसल्यावर बोल्ट बंदच होणार नाही. ते तापदायक आहे, पण निदान लगेच कळतं. जास्त असेल तर काही कळत नाही. बोल्ट लोण्यासारखा बंद होतो, आणि हाताळणाऱ्याला वाटतं, वा, छान बसला!

गोळी सुटते तेव्हा काय होतं ते पाहा. दाबाने पितळी पुंगळी फुगते आणि तिचा पुढचा पातळ भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो. तळ मात्र जाड असतो, तो चिकटत नाही. मागे मोकळी जागा असेल तर तळ बोल्ट-हेडला टेकेपर्यंत मागे सरकतो. पुढचा भाग जागीच, मागचा भाग सरकलेला. ताण पडतो तो मधल्या पितळेवर, तळाच्या थोडं वर. एकदा ताणलं तर तिथे चकचकीत कडं उमटतं. तीच पुंगळी पुन्हा भरून वापरली, किंवा जागा फारच जास्त असली, तर तिथून ती फाटते. तळ एक्स्ट्रॅक्टरबरोबर बाहेर येतो आणि बाकीची पुंगळी चेंबरमध्ये अडकून राहते. फार वाईट प्रसंगी तापलेला वायू मागच्या बाजूला वाट शोधतो. वायूला बाजूने निसटायला या रायफलीत भोकं ठेवली आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी तोंड पुढे करू नये.

या .३०३ च्या काडतुसाचं एक माहेर पुण्याजवळ आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तळावर ‘के एफ’ अशी अक्षरं असलेली .३०३ ची काडतुसं तिथली. परदेशातले जुने नेमबाज ही अक्षरं ओळखतात.

सारखे म्हणजे किती सारखे

मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्रावर लाखांनी बनलेले भाग सारखे नसतात का?

ही इच्छा जुनी आहे. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून फ्रान्समध्ये असताना ऑनोरे ब्लां या कारागिराच्या कार्यशाळेत गेले. ब्लांने बंदुकीच्या पन्नास चापांचे सुटे भाग त्यांच्यासमोर ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जुळवले, आणि ते जुळले. १८०१ मध्ये एली व्हिटनीने वॉशिंग्टनमध्ये असंच प्रात्यक्षिक करून वाहवा मिळवली. पुढे इतिहासकारांनी व्हिटनीच्या शिल्लक बंदुका तपासल्या तेव्हा भाग एकमेकांना चालत नव्हते, आणि त्यांवर जोडी ओळखण्याच्या खुणा होत्या. म्हणजे प्रात्यक्षिक खास तयार केलेल्या नमुन्यांचं होतं.

ब्रिटनने १८५० च्या दशकात अमेरिकेतून यंत्रं आणून एन्फिल्डचा सरकारी कारखाना नव्याने उभारला. १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती १८५३ च्या नमुन्याची रायफल तिथेच मोठ्या संख्येने बनू लागली. तेव्हापासून स्क्रू, स्प्रिंग, नेमपट्ट्या, दस्त्याचे भाग यांची अदलाबदल खरोखर शक्य झाली. बोल्टच्या बाबतीत मात्र गाडी थोडी अलीकडेच थांबली.

कारण सोपं आहे. प्रत्येक भाग ठरलेल्या मापाच्या थोडा इकडे किंवा थोडा तिकडे असतो, आणि तेवढी सूट कारखान्याला द्यावीच लागते. हेडस्पेस मात्र एका भागाचं माप नाही. बॉडीतल्या खाचा कुठे आहेत, बोल्टवरचे लग कुठे आहेत, दंडगोल किती लांब, हेड किती लांब, नळी किती आत बसली आहे, अशा पाच-सहा मापांची ती बेरीज-वजाबाकी आहे. प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेत असला तरी सगळ्यांची चूक एकाच दिशेला गेली तर बेरीज अडीच पानांच्या बाहेर जाते.

शिवाय लग दोन आहेत. दोघांनी भार सारखा उचलायला हवा. म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्या-त्या बॉडीत घालून, कुठे टेकतो ते पाहून, घासून बसवत. जुन्या वाड्याचं दार आठवा. सुताराने ते त्याच चौकटीसाठी रंधलेलं असतं. शेजारच्या वाड्याचं दार बिजागरीवर चढेल, पण कडी लागेलच असं नाही, आणि लागली तरी फट कुठे राहील ते सांगता येणार नाही. बोल्ट असा बसवून झाला की त्याच्या दांड्याच्या मागच्या सपाट भागावर रायफलीचाच क्रमांक ठोकत.

तेव्हा क्रमांकाचा अर्थ नीट समजून घ्या. संग्राहक जुळणाऱ्या क्रमांकाला जास्त पैसे मोजतात, पण क्रमांक ही काही जादू नव्हे. कधीकाळी एका फिटरने ही जोडी एकमेकांना बसवली होती, एवढाच त्याचा दाखला. त्यानंतर शंभर वर्षं झिजलेल्या रायफलीबद्दल तो काहीच सांगत नाही. लष्कराच्या आर्मररलाही, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यालाही, बोल्ट बदलावे लागत. त्याच्याकडे क्रमांक नसलेले कोरे बोल्ट येत, तो ते बसवे, गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या मापाने, तपासे, मग क्रमांक ठोके. म्हणजे बोल्ट बदलता येतो. न मोजता बदलता येत नाही.

एकाच घराण्यातले, तरी परके

शोध सुरू करण्याआधी आपल्या हातातली रायफल कोणती हे नक्की करावं लागतं. ‘ली-एन्फिल्डचा बोल्ट हवाय’ असं म्हणणं म्हणजे पत्त्यात फक्त पुणे लिहिण्यासारखं झालं. थेट नमुन्यांकडे जाऊ.

१९०७ मध्ये आलेली शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड मार्क तीन ही पहिल्या महायुद्धातली प्रसिद्ध रायफल. १९२६ च्या नव्या नामकरणात तिला ‘नंबर एक’ म्हणू लागले. एन्फिल्ड, बर्मिंगहॅमची बीएसए, ऑस्ट्रेलियातलं लिथगो आणि आपलं बंगालमधलं ईशापूर इथे ती बनली. तिचं बोल्ट-हेड बॉडीच्या उजव्या कडेवर आकड्यासारखं अडकून सरकतं.

दुसऱ्या महायुद्धासाठी आली ‘नंबर चार’. ती ब्रिटनमध्ये फजाकर्ली, माल्टबी आणि शर्लीला, कॅनडात लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेजच्या कारखान्यात बनली. सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का असतो, त्यामुळे त्या अमेरिकी सैन्याच्या असाव्यात असा अनेकांचा समज होतो. खरं तर त्या ब्रिटनला मदत म्हणून दिलेल्या होत्या. नंबर चारचं बोल्ट-हेड कडेवर अडकत नाही, बॉडीच्या आतल्या खाचेतून धावतं. म्हणून नंबर एक आणि नंबर चार यांचे बोल्ट दिसायला भावंडं असले तरी एकमेकांच्या घरी चालत नाहीत. नंबर चारच्या वेगवेगळ्या कारखान्यांचे बोल्ट मात्र एकमेकांत बसतात, अर्थात मोजमाप करूनच.

तिसरी खास आपली. १९६२ च्या युद्धात भारतीय जवानांच्या हातात अजून थ्री-नॉट-थ्रीच होती. त्यानंतरच्या वर्षांत ईशापूरने नंबर एकच्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी रायफल बनवली, ती २ए आणि नंतरची २ए१. बाहेरून पाहणाऱ्याला तिचं चौकोनी मॅगझिन सोडलं तर फारसा फरक कळणार नाही. पण ७.६२ च्या काडतुसाला बाहेर आलेला काठ नसतो, दाब जास्त असतो, म्हणून पोलाद अधिक चांगलं घेतलं आणि एक्स्ट्रॅक्टरची ठेवण बदलली. या रायफलीत .३०३ चा बोल्ट घालणं ही ढोबळ चूक आहे, आणि ढोबळ असूनही ती होते, कारण तो आत जातो.

चौथी नागरी बाजारातली .३१५ ची शिकारी रायफल. इंग्रज सरकारला सैन्याचं काडतूस सामान्य भारतीयाच्या हातात नको होतं. त्यामुळे परवानाधारकांसाठी वेगळ्या मापाचं काडतूस आलं. ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मानलिखर काडतुसाचा तो अवतार. स्वतंत्र भारतातही तोच भेद चालू राहिला आणि ईशापूरने ली-एन्फिल्डच्या धर्तीवर .३१५ ची रायफल बनवली. आपल्याकडे कायदेशीरपणे कोणाला जुन्या पद्धतीच्या बोल्टची गरज पडलीच, तर ती बहुधा या रायफलीसाठी असते. तिच्या काडतुसाच्या तळाचं माप .३०३ पेक्षा वेगळं आहे, हे ध्यानात ठेवा.

आणि पाचवा प्रकार, जो ओळखून बाजूलाच ठेवायचा. खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल इथे, कारागिरांनी हाताने ली-एन्फिल्डच्या नकला केल्या. शिक्क्यांसकट! अक्षरं मात्र त्यांना वाचता येत नसत, त्यामुळे ‘एन’ उलटा पडे. काही शॉर्ट रायफलींवर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा दिसते. राणी १९०१ मध्ये वारली आणि ही रायफल त्यानंतर आली, तेव्हा अशी मुद्रा दिसली की नकलेचा संशय घ्यावा. या कारागिरांच्या हाताला सलाम, पण ते मिळेल त्या लोखंडावर काम करत. तसा बोल्ट काचेच्या कपाटात शोभतो.

बोल्ट-हेडवरचा आकडा

नंबर चारच्या बोल्ट-हेडवर ०, १, २ किंवा ३ असा आकडा असतो. ही चार लांबींची हेडं आहेत. पुढचा प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा इंचाच्या काही सहस्रांशांनी लांब. रायफल झिजली, हेडस्पेस वाढली की आर्मररने एक आकडा वरचं हेड लावायचं आणि जागा पुन्हा मर्यादेत आणायची. नळी काढायला नको, बोल्ट फेकायला नको. दुरुस्तीच्या दृष्टीने इतकी सोयीची कल्पना त्या काळच्या दुसऱ्या रायफलींत क्वचितच दिसेल. नंबर एकमध्ये ही सोय नाही. तिथे हेडावर आकडा नसतो, बरीच हेडं लावून पाहून योग्य ते निवडावं लागतं.

हिशेब कसा चालतो ते पाहू. समजा नंबर चारच्या रायफलीसाठी एक सुटा बोल्ट मिळाला. त्यावर १ आकड्याचं हेड आहे आणि मायक्रोमीटरने त्याची लांबी .६२६ इंच भरते. आर्मररने गेज लावले. .०६४ च्या गेजवर बोल्ट बंद झाला, ते व्हायलाच हवं. .०७४ च्या गेजवरही तो बंद झाला, ते व्हायला नको होतं. बारीक मोजल्यावर हेडस्पेस .०७७ निघाली. म्हणजे मर्यादेपेक्षा तीन सहस्रांश जास्त.

आता २ आकड्याचं एक हेड घेतलं. त्याची लांबी .६३२, म्हणजे आधीच्यापेक्षा सहा सहस्रांशांनी जास्त. .०७७ मधून .००६ गेले, उरले .०७१. मर्यादेत आलं. उत्साहाच्या भरात .६४० लांबीचं ३ आकड्याचं हेड लावलं असतं तर? चौदा सहस्रांश वजा होऊन .०६३ उरले असते, आणि बोल्ट .०६४ च्या गेजवर बंदच झाला नसता.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, हेड मोजून घ्यायचं, आकडा वाचून नव्हे. वेगवेगळ्या कारखान्यांची हेडं पाहिली तर एकाचं २ आकड्याचं हेड दुसऱ्याच्या १ आकड्याच्या जेमतेम पुढे असतं. दुसरी, हेड बदलण्याआधी लग तपासायचे. एकच लग टेकत असेल तर हेडस्पेस कागदावर बरोबर दिसेल, पण प्रत्येक गोळीला बोल्ट एका बाजूला वाकेल. फिटर लोक लगांना निळा रंग लावून, बोल्ट बंद करून, रंग कुठे पुसला जातो ते पाहतात. दोन्हींवर पुसला तर ठीक. नसेल तर ते काम घरी कानस घेऊन करायचं नाही. लगांचा वरचा थर कडक केलेला असतो. तो घासून गेला की आतलं मऊ पोलाद भार घेतं आणि हेडस्पेस पुन्हा वाढत जाते.

हेड आट्यांवर किती फिरतं हेही पाहावं. पूर्ण आवळलेलं हेड बोल्टच्या अंगावर लांबीने धावणाऱ्या बरगडीच्या रेषेच्या फार पुढे फिरून जात असेल तर आटे किंवा टेकणारी कड झिजली आहे. गोळीचा धक्का हेडाच्या मागच्या कडेने दंडगोलावर यायला हवा, बारीक आट्यांवर नव्हे.

बोल्ट जातात कुठे, येतात कुठून

एवढा महत्त्वाचा भाग हरवतो कसा? बहुतेक वेळा तो हरवत नाही, मुद्दाम वेगळा केला जातो. बोल्टशिवाय रायफल म्हणजे लाकूड बसवलेली नळी. वायव्य सरहद्दीवर रायफलींची चोरी हा ब्रिटिश फौजांचा कायमचा ताप होता. शिपाई रात्री त्या साखळीने बांधून झोपत. बोल्ट काढून वेगळा ठेवणं हा चोरीवरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि आजही शस्त्रागारं तो वापरतात. मग फौज हलते, पेट्या वेगळ्या वाटांनी जातात. निर्लेखनानंतर हजारो रायफली व्यापाऱ्याकडे पोचतात आणि बोल्ट दुसऱ्याच खोक्यात. मजूर समोर येईल तो बोल्ट समोर येईल त्या रायफलीत घालून मोकळा होतो.

सुटे बोल्ट येतात ते जुन्या लष्करी साठ्यांतून आणि तोडलेल्या रायफलींतून. हा साठा आटत चालला आहे, नवीन कोणी बनवत नाही. कॅनडाच्या उत्तरेत बर्फाळ मुलखात गस्त घालणाऱ्या रेंजर्सकडे १९४७ पासून नंबर चार होती आणि तिच्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. तरी २०१८ च्या सुमारास सरकारने त्यांना नवी रायफल दिली. सुटे भाग मिळेनासे झाले, हे त्यामागचं एक मोठं कारण. ज्या देशात ही रायफल बनली तिथल्या सरकारची ही गत असेल, तर एकट्यादुकट्याने किती अपेक्षा ठेवावी?

विकत घेणाऱ्याने काय पाहावं? दांड्यावरचा जुना क्रमांक खोडून नवा ठोकला असेल तर तो कसा खोडला आहे. लष्करी आर्मररने आडवी रेघ मारून शेजारी नवा ठोकलेला असतो. ते प्रामाणिक काम. घासून, पॉलिश करून, ताजा क्रमांक उमटवला असेल तर विक्रेत्याला जुळत्या क्रमांकाची किंमत हवी आहे. माझ्या मते गेजवर उतरलेला परका बोल्ट हा न मोजलेल्या जुळत्या बोल्टपेक्षा कधीही चांगला.

‘डी पी’ ही दोन अक्षरं दिसली तर तिथेच थांबा. कवायतीसाठी ठेवलेल्या रायफलीची ही खूण. त्या झिजल्या म्हणून, किंवा मुद्दाम भोकं पाडून, झाडण्यासाठी निकामी ठरवलेल्या असतात. त्यांचे भाग चालत्या रायफलीत घालायचे नसतात, आणि त्या रायफली ‘चालू’ करायच्या नसतात.

बोल्ट बसला म्हणजे जुळला असं मानण्याची किंमत कॅनडाने पहिल्या महायुद्धात मोजली. त्यांच्या रॉस मार्क तीन रायफलीचा बोल्ट साफसफाईनंतर चुकीचा जोडता येई. तो आत जाई, बंद झाल्यासारखा दिसे, पण लग अडकलेलेच नसत. गोळी झाडली की बोल्ट सुटून तोंडावर. पुढे एक रिव्हेट ठोकून ती चूक अशक्य केली.

कायद्याच्या नजरेत

देशागणिक चित्र बदलतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे तिची बॉडी, त्यामुळे सुटा बोल्ट तिथे साध्या सुट्या भागासारखा विकला जातो. ब्रिटनमध्ये दाब पेलणारा प्रत्येक भाग बंदुकीसारखाच धरतात, बोल्टलाही प्रमाणपत्र लागतं.

भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातल्या अग्निशस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. .३०३ आणि ७.६२ ही मापं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना बॅगेत एक बोल्ट टाक’ असं गंमतीतही सांगू नका. तिथे ती वीस मिनिटांची खरेदी असेल, इथल्या विमानतळावर तो गुन्हा आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडून बोल्ट घडवून घेणं हाही गुन्हा, आणि पोलाद कोणतं व कडक कसं केलं हे ठाऊक नसल्याने आत्मघातही.

.३१५ चा परवाना असेल आणि बोल्ट बिघडला असेल, तर सुटा बोल्ट घेऊन दुकानं फिरू नका. परवान्यासह पूर्ण रायफल परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे न्या आणि त्याला एकच प्रश्न विचारा: नवा बोल्ट बसवल्यावर गेज लावून हेडस्पेस मोजून द्याल का? उत्तर ‘बसला की झालं’ असं आलं, तर रायफल उचला आणि दुसरं दुकान गाठा.